लेझरने त्वचा उजळेल, पण डागांचे काय?

उल्हासनगर, प्रतिनिधी

मुरुमांचे खड्डे, कांजिण्यांचे व्रण आणि बारीक सुरकुत्या कमी करण्यासाठी लेझर उपचार केले जातात. लग्नसराईच्या तोंडावर त्याचा विचार करणाऱ्या उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूरच्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हे फेशियल नव्हे. त्वचेला मोजूनमापून केलेली ही जखमच असते.

उपचार कसा होतो?

यासाठी प्रामुख्याने वापरला जाणारा कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डॉ. कुमार पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे. या लेझरचे किरण त्वचेतील पाणी शोषून घेते. त्या उष्णतेने वरचा थर उडून जातो, आतला थर आकसतो व नवे कोलॅजन तयार होऊ लागते.

पूर्वी संपूर्ण पृष्ठभाग सोलला जाई. २००४ पासून 'फ्रॅक्शनल' पद्धत पुढे आली. तीत सूक्ष्म ठिपक्यांपुरताच लेझर पडतो. मधली त्वचा शाबूत राहिल्याने जखम लवकर भरते. मात्र काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात.

धोका कोणता?

गव्हाळ व सावळ्या त्वचेतील रंगपेशी अधिक सक्रिय असतात. लेझरची मात्रा जास्त झाल्यास किंवा नंतर ऊन लागल्यास काळे डाग उमटतात आणि ते महिनोन्‌महिने टिकू शकतात. वांगही वाढू शकतो. म्हणून लग्नाच्या आठवडाभर आधी हा उपचार घेणे धोक्याचे ठरते.

कोणती काळजी घ्याल?

* उपचार करणारी व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञ आहे का, महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तिची नोंदणी आहे का, हे पाहावे.
* जखमेवर जाड व्रण उठण्याची प्रवृत्ती, ओठांवर येणारी नागीण, गरोदरपण तसेच मुरुमांसाठी घेतलेल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या यांची माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी.
* आधी छोट्या भागावर चाचणी करून घ्यावी.
* नंतर खपल्या काढू नयेत. जखम भरल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने सनस्क्रीन लावावे. दुचाकीवरून किंवा फलाटावर उन्हात जावे लागल्यास चेहरा झाकावा.

खड्डे कमी होतात, पूर्णपणे नाहीसे होत नाहीत. 'एकाच बैठकीत डागमुक्त' अशी हमी कोणी देत असेल, तर तिथून परतलेले बरे.