चंदीगडची खुर्ची आणि तिचे अनामिक सुतार

ज्ञातीचा इतिहास म्हटला म्हणजे मूळपुरुष, कुलदैवते, गोत्रे आणि वतनाच्या सनदा यांचेच स्मरण प्रथम होते. परंतु आपल्या सुतार ज्ञातीचा इतिहास कागदावर जितका आहे त्याहून कितीतरी अधिक लाकडात आहे. देवळाचा सभामंडप, वाड्याच्या तुळया, शेतकऱ्याचा नांगर, बाळाचा पाळणा या साऱ्यांत आपल्या पूर्वजांची बुद्धी व श्रम साठलेले आहेत. मात्र त्यांवर करणाराचे नाव कोठेही नाही. निरहंकार हा गुण खरा; पण नाव राहिले नाही म्हणजे पुढे काय घडते, हे दाखविणारे एक ठळक उदाहरण स्वातंत्र्योत्तर काळात आपल्याच देशात घडले. ते उदाहरण म्हणजे चंदीगडच्या सागवानी खुर्च्यांचे. स्मरणिकेच्या वाचकांपुढे तोच वृत्तांत मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

१९४७ साली देशाची फाळणी झाली आणि पंजाबची जुनी राजधानी लाहोर पाकिस्तानात गेली. पूर्व पंजाबास नवी राजधानी हवी होती. पंडित नेहरूंच्या प्रेरणेने शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी चंदीगड वसविण्याचे ठरले व त्या कामी फ्रान्समधील विख्यात स्थपती ल कॉर्बुझिए यांची योजना झाली. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते नगरीचे उद्घाटन झाले. कॉर्बुझिए अधूनमधून येत व जात. परंतु त्यांचे चुलतबंधू पिएर जानेरे हे १९५१ पासून १९६५ पर्यंत तेथेच राहिले. जिनीव्हा येथे १८९६ साली जन्मलेल्या या गृहस्थाने चंदीगडला आपले घर मानले. १९६७ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या इच्छेस अनुसरून त्यांची रक्षा चंदीगडच्या सुखना तलावात विसर्जित करण्यात आली.

नगरी उभी राहिली, पण नुसत्या भिंतींनी राज्यकारभार चालत नाही. उच्च न्यायालय, सचिवालय, विधानभवन, विद्यापीठ, ग्रंथालये, वसतिगृहे आणि नोकरांची घरे या सर्वांस खुर्च्या, मेजे, बाके, कपाटे व पलंग हवे होते. तेही हजारोंच्या संख्येने आणि थोडक्या पैशात. परदेशातून सामान मागविणे परवडणारे नव्हते. तेव्हा जानेरे व त्यांचे भारतीय सहकारी यांनी येथील हवामान, येथील लाकूड आणि येथील हात ध्यानी घेऊन आराखडे केले. यूली चौधरी या विदुषी स्थपतीचाही या कामात मोठा वाटा होता.

त्यांतील सर्वांत प्रसिद्ध खुर्ची पाहावी. तिचे पाय उघडलेल्या कंपासासारखे आहेत. पुढचा व मागचा पाय तिरके चढत जाऊन हाताच्या पट्टीखाली एकमेकांस मिळतात. बैठक व पाठ वेताने विणलेली असल्याने वारा खेळता राहतो व पंजाबच्या उन्हाळ्यात पाठीस घाम धरत नाही. लाकूड बहुधा सागवान किंवा शिसम. सागास वाळवी सहसा लागत नाही व पावसाळ्यात तो फारसा फुगत नाही. नक्षी नाही, कोरीव वेलबुट्टी नाही. शोभा आहे ती केवळ प्रमाणाची आणि सांध्याच्या नेटकेपणाची. हे सामान एका कारखान्यात तयार झाले नाही. लहानमोठ्या अनेक स्थानिक कारखान्यांतून, करवत, रंधा आणि पटाशी यांच्या बळावर ते घडविले गेले. म्हणूनच एकाच आराखड्याच्या दोन खुर्च्या शेजारी ठेविल्या तर पायाची जाडी किंवा सांध्याची ठेवण यांत फरक आढळतो. जाणत्यास त्या फरकात निरनिराळे हात दिसतात.

पुढे काळ पालटला. वेत फाटला, सांधे ढिले झाले, लोखंडी व प्लॅस्टिकच्या खुर्च्या स्वस्त मिळू लागल्या. जुन्या खुर्च्यांचे ढीग कार्यालयांच्या गच्च्यांवर व आवारांत उन्हापावसात पडून राहिले. सरकारी नियमाप्रमाणे निरुपयोगी सामान म्हणून त्यांचे लिलाव झाले आणि भंगाराच्या भावाने त्या विकल्या गेल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या काही व्यापाऱ्यांच्या दृष्टीस ही गोष्ट पडली. त्यांनी लिलावांत रीतसर बोली करून हा माल घेतला, परदेशी नेला, दुरुस्त केला आणि धनिकांच्या दिवाणखान्यांत पोचविला. पाश्चात्य देशांत गेल्या शतकाच्या मध्यावरच्या साध्या, निर्भूषण लाकडी सामानाची आवड तेव्हा वाढत होती. येथे भंगार ठरलेल्या एकेका खुर्चीस तेथील लिलावांत लक्षावधी रुपये येऊ लागले.

या दुरुस्तीची विद्या वास्तविक आपलीच आहे. जुन्या कामात सरस वापरला असेल तर ऊब व ओलावा देऊन सांधा न मोडता सोडविता येतो. खाचेतील जुना सरस खरवडून, कुसू झिजले असल्यास त्यास त्याच जातीच्या लाकडाची पातळ पट्टी जोडून पुन्हा घट्ट बसवावे लागते. सागाच्या अंगी तेल असते. म्हणून नवा सरस लावण्यापूर्वी जोडाची जागा स्पिरिटने पुसून घ्यावी, नाही तर जोड धरत नाही. कुजलेला तुकडा काढून नवे ठिगळ बसविताना रेषा रेषेस मिळवावी. वेत भिजवून ओला असतानाच विणावा, म्हणजे वाळल्यावर तो ताणून बसतो. शेवटी लाखेचे पॉलिश कापडाच्या बोळ्याने पातळ हात देत चढवावे. मात्र सर्वांत कठीण काम हात आवरण्याचे! रंधा मारून सारे कोरे करकरीत केले, तर वस्तू नवी दिसते खरी, पण तिचे वय पुसले जाते. चंदीगडच्या सामानावर कोणत्या खात्याची वस्तू ती अक्षरे रंगाने उमटविलेली असत. ज्या कारागिराने ती घासून टाकिली, त्याने त्या खुर्चीचा जन्मदाखलाच फाडला म्हणावयाचे.

जाग यावयास उशीर झाला, पण आली. आपला पुरातन वस्तूंसंबंधीचा १९७२ चा कायदा अशा सामानास शंभर वर्षे झाल्यावाचून लागू होत नाही. त्यामुळे निर्यातीस कायद्याचा अडसर नव्हता. २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने चंदीगडच्या या वारसा-सामानाच्या विक्रीस मनाई केली. सरकारी याद्यांत अशा बारा हजारांहून अधिक वस्तूंची नोंद झाली. २०१६ साली तेथील कॅपिटॉल संकुल युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले आणि २०१७ साली जानेरे ज्या घरात राहत, ते पाचव्या सेक्टरातील घर संग्रहालय म्हणून उघडण्यात आले.

आता मुख्य प्रश्न. जानेरे यांचे नाव झाले, ते योग्यच झाले. लिलावाच्या पुस्तकांत स्थपतीचे नाव, इमारतीचे नाव, लाकडाचे नाव, सारे काही असते. परंतु ज्याने खाच पाडली, कुसू बसविले, वेत विणला, त्याचे नाव तेथे सहसा आढळत नाही. आणि याचा परिणाम केवळ भावनेपुरता नाही. करणाराची निशाणी नाही, म्हणून खरी खुर्ची कोणती व नक्कल कोणती हे ठरविणे दुष्कर झाले आणि नकली मालास बाजार मोकळा मिळाला. नाव न ठेवल्याने कारागीर मानास मुकला आणि वस्तू साक्षीस मुकली.

असे सर्वत्रच घडले काय? नाही. त्याच काळात डेन्मार्क या चिमुकल्या देशात काय चालले होते ते पाहावे. कोपनहेगन येथील सुतारांच्या संघाने १९२७ पासून १९६६ पर्यंत दरवर्षी आपल्या कामाचे प्रदर्शन भरविले. त्यात आराखडा करणारा व प्रत्यक्ष घडविणारा अशा दोघांची नावे बरोबरीने मांडली जात. फिन यूल यांच्या खुर्च्यांवर नील्स वोडर या सुताराचा शिक्का डागलेला असे. हान्स वेग्नर हे तर स्वतःच सुतारकामाची उमेदवारी केलेले. त्यांची १९४९ सालची खुर्ची योहानेस हान्सेन यांच्या कारखान्यात घडली. १९६० साली केनेडी व निक्सन यांच्या दूरचित्रवाणीवरील वादविवादात तीच खुर्ची ठेविलेली होती. आज त्या शिक्क्यामुळे वस्तूची किंमत वाढते, आणि वोडर व हान्सेन ही नावे इतिहासात अढळ झाली आहेत. हे कोणा राजाने केले नाही, सरकारने केले नाही; सुतारांच्या संघाने केले, ही गोष्ट आपण विशेष ध्यानी घेण्यासारखी आहे.

आपलाही संघ आहे. पंजाबात ज्यास तरखाण म्हणतात व महाराष्ट्रात सुतार, त्याची विद्या एक आणि उपेक्षाही एकच. म्हणून ज्ञातिबांधवांस आमची तीन मागणी आहेत. घरात, शाळेत किंवा कचेरीत पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे सागवानी मेज, आरामखुर्ची वा कपाट असेल, तर ते भंगारात घालण्यापूर्वी जाणत्या हाताकडून दुरुस्त करवून घ्यावे. प्रत्येक तरुण कारागिराने आपल्या कामाच्या आतील बाजूस, दिसण्यात न येईल अशा ठिकाणी, नाव, गाव व साल कोरावे. आणि संघाने वयोवृद्ध सुतारांच्या भेटी घेऊन, कोणी कोठे कोणते काम केले याची वही आजच सुरू करावी. हे काम उद्यावर टाकण्याजोगे नाही, कारण सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

विश्वकर्म्याची पूजा आपण हत्यारे मांडून करतो. त्या हत्यारांशेजारी एक वही आणि एक लेखणी ठेवावी, एवढेच आमचे सांगणे आहे.