चिनी नक्षी : यूरोप व मुंबई

चिनी रेशीमभरत, चिनी मातीची भांडी व लाखकाम यांवरील पारंपरिक आकृतिबंध अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत मुख्यत्वे कँटन बंदरातून यूरोपात व मुंबईतही पोहोचले. १७५७ ते १८४२ या काळात पाश्चात्त्यांना व्यापारासाठी हे एकच चिनी बंदर खुले होते. मुंबईहून कापूस व माळव्याची अफू नेणाऱ्या पारशी व्यापाऱ्यांचाही राबता तेथेच असे.

चिनी नक्षीतील आकृती सहसा सांकेतिक असते. वटवाघूळ व सौख्य या अर्थांच्या चिनी शब्दांचा उच्चार एकच असल्याने तेथे वटवाघूळ शुभ ठरले. क्रौंच पक्षी दीर्घायुष्य सुचवितो. यूरोपीय अभिकल्पकांना हे संकेत बहुधा अज्ञात होते. त्यांना मोह पडला तो असममित मांडणीचा व मोकळ्या सोडलेल्या पृष्ठभागाचा. विल्यम चेंबर्सने कँटनला प्रत्यक्ष जाऊन केलेली रेखाटने १७५७ मध्ये प्रसिद्ध केली; पण असा अपवाद विरळा. प्रसिद्ध ‘विलो’ नक्षी तर इंग्लंडमधील कुंभारशाळांनीच अठराव्या शतकाच्या अखेरीस चिनी घटक जुळवून सिद्ध केली.

मुंबईच्या पारशी स्त्रियांनी ही नक्षी अंगावर वागविली. चिनी कारागिरांनी भरलेल्या रेशमी साडीला ‘गारा’ म्हणतात. तिच्यावरील आकृतींना घरोघर गुजराती नावे पडली : पक्ष्यांची जोडी ती ‘चकला-चकली’, लहानमोठे ठिपके म्हणजे ‘कांदा-पपेटा’, एका फुलाची आकृती ‘करोळिया’ (कोळी) आणि पूल, मनोरे व माणसे असलेला देखावा ‘चीना-चीनी’. कोंबडा जरथुश्त्री धर्मात पवित्र असल्याने ‘मरघा-मरघी’ हा नमुना विशेष आपलासा वाटला असावा. मूळ संकेत येथेही लोपला. तथापि त्याच्या जागी दुसरा अर्थ आला, हा यूरोपीय अनुकरणाहून महत्त्वाचा फरक होय.

ओएन जोन्झ (१८०९–७४) या इंग्रज अभिकल्पकाचे मतांतर या संदर्भात उद्‌बोधक आहे. द ग्रामर ऑफ ऑर्नामेंट (१८५६) या ग्रंथात त्याने चिनी लोक कल्पनाशून्य असल्याचा निर्वाळा दिला होता. पुढे १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच सैन्याने पीकिंगजवळील युआनमिंगयुआन हा राजप्रासाद लुटून जाळला व चीनमधील उत्कृष्ट वस्तू यूरोपच्या बाजारात आल्या. त्या पाहिल्यावर १८६७ मध्ये शंभर रंगीत चित्रपत्रांच्या स्वतंत्र ग्रंथात त्याने त्यांच्या रंगसंगतीची प्रशंसा केली. त्याची दृष्टी निवळली ती लुटीमुळे, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. मुंबईच्या गाऱ्यामागेही अफूचा पैसा होताच. चीनच्या व्यापारात धनाढ्य झालेल्या सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून मुंबईत १८५७ मध्ये कलाशाळा सुरू झाली; तेथील अभ्यासक्रम मात्र लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या धर्तीवर आखला गेला.

चिनी फेरीवाले मुंबईत दारोदार गारे विकीत. पुढे भारतातही तशा धर्तीचे भरतकाम होऊ लागले. जुन्या गाऱ्याचे रेशीम विरले, की त्याची भरलेली कोर सोडवून नव्या साडीवर चढवीत. त्यामुळे मूळ वस्त्र नष्ट झाले, तरी त्याची नक्षी अनेक कुटुंबांत टिकून राहिली आहे.