पातं, कडी आणि तार : एका गळाच्या टिकाऊपणाचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं होतं की, सर, तत्त्वज्ञानाचा माणूस सारखा वस्तूंचा इतिहास का सांगतो? आज वस्तूच घेऊन आलोय. ही टेबलावर ठेवली आहे. मागच्या रांगेला दिसणार नाही, म्हणून वर्णन करतो. वीतभर लांबीची पोलादी तार. तिच्यावर नालेच्या आकाराची एक छोटी कडी, कडीत अडकवलेलं पितळेचं अंडाकृती पातं, खाली दोनचार मणी, मग खारीच्या शेपटीचा झुबका आणि त्यात लपलेला तीन टोकांचा गळ. इंग्रजीत याला स्पिनर म्हणतात. माझा पुतण्या अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो, तो हे घेऊन आला. तिथं मस्की नावाचा मासा आहे. पूर्ण नाव मस्केलंज. 1955 पासून तो त्या राज्याचा अधिकृत मासा आहे. हा गळ नावेमागे लांब दोरीनं सोडायचा आणि नाव तासन्‌तास संथ चालवत ठेवायची. याला ट्रोलिंग म्हणतात. पातं पाण्यात गरगर फिरतं, चमकतं, थरथरतं आणि मस्कीला वाटतं की जखमी मासोळी पळते आहे.

पुतण्याची तक्रार साधी होती. "काका, पातं अजून नव्यासारखं आहे, पण गळ मेला."

मेला म्हणजे काय? तर तो फिरत नाही. मी भिंगातून पाहिलं. पात्यावर दातांचे ओरखडे होते, पण त्याला काही झालं नव्हतं. कडीच्या भोकाचा मात्र आतून खाच पडून लांबट आकार झाला होता, आणि तार मधोमध किंचित वाकली होती. हिशेब करून पाहा. पातं सेकंदाला पाच फेरे घेतं असं धरलं, तर तासाला 18,000 फेरे झाले. सहा तास नाव चालली तर एक लाखाच्या वर. एवढे सगळे फेरे त्या इवल्याशा कडीच्या भोकात होतात, आणि पाण्यातली बारीक वाळू सहाणेसारखं काम करते. वरून मस्की गळाला लागला की स्वतःभोवती लोळण घेतो. त्यात तार वाकते. वाकलेल्या तारेवर पातं अडखळतं. सगळे भाग जागच्या जागी असतात आणि वस्तू मात्र निकामी असते.

आता जरा मागे जाऊ. चमच्यासारखं चमकतं पातं लावून मासा फसवणं फार जुनं आहे. पॅसिफिक बेटांवरचे लोक शिंपल्याचे गळ करत. पण कारखान्यात घडून विकला जाणारा गळ म्हटला की नाव येतं जुलिओ ब्युएल या न्यूयॉर्क राज्यातल्या माणसाचं. त्याचं पेटंट 1852 चं. जेवताना हातातला चमचा तळ्यात पडला आणि माशानं तो गिळला, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली, अशी गोष्ट सांगतात. न्यूटनच्या सफरचंदाच्या जातकुळीतली गोष्ट आहे, तेवढ्याच विश्वासानं ऐकावी. (हशा) पेटंट मात्र खरं आहे.

वीस-एक वर्षांत हा चमचा आपल्या देशातल्या साहेबांच्या पेटीत दिसतो. मद्रास मुलकी सेवेतले हेन्री सलिव्हन थॉमस यांचं 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक 1873 मध्ये मंगळूरला छापलं गेलं. त्यांचा आवडता मासा महाशीर. आता गंमत पाहा. महाशीरच्या जबड्यात दात नसतात, दात असतात घशात. पण त्याच्या तोंडाची दाबशक्ती एवढी की विलायतेत सामनसाठी केलेले गळ तो चिरडून टाकी. म्हणून थॉमस गळाच्या मजबुतीवर आणि जोडांवर एवढा भर देतात. मस्कीचं उलटं. त्याच्या जबड्यात सुऱ्यांसारखे दात. तो चावतो, ओरबाडतो, पिळतो. जवळपास एकाच जातीचा गळ, पण एका पाण्यात तो चेपून मरतो आणि दुसऱ्या पाण्यात झिजून, वाकून. तेव्हा "हा गळ टिकाऊ आहे" हे वाक्य अर्धवट आहे. कोणत्या माशासमोर, कोणत्या पाण्यात आणि किती वेगानं ओढला असता, हे सांगितल्याशिवाय ते वाक्य खरंही नाही आणि खोटंही नाही.

पात्यासाठी पितळच का? ते लोखंडासारखं गंजत नाही, पत्रा सहज दाबता येतो, चमक चांगली येते. भंडाऱ्यात पितळेबद्दल बोलायचं म्हणजे काशीत गंगेबद्दल बोलण्यासारखं. 'भाणा' म्हणजे पितळेचं ताट, त्यावरून भंडारा, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. रतनपूरच्या शिलालेखात 'भानारा' असं नाव येतं, त्यामुळे व्युत्पत्तीबद्दल मी शपथ घेणार नाही. पण या गावानं पितळ ठोकलं, हे नक्की.

पितळही मरतं, बरं का. आणि याचा धडा साऱ्या जगाला आपल्या पावसाळ्यानं दिला. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली असत. पावसाळा सरला की कित्येकांना तडे गेलेले दिसत. कोणी हात लावला नाही, गोळी झाडली नाही, तरी तडा. इंग्रजीत याला 'सीझन क्रॅकिंग' असं नाव पडलं, म्हणजे ऋतूचा तडा. 1921 मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी कारण मांडलं. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया आणि काडतूस ओढून-दाबून घडवताना धातूत कोंडून राहिलेला ताण. दोन्ही एकत्र आले की पितळ फाटतं. उपाय म्हणजे घडवल्यावर ते बेतानं तापवून ताण मोकळा करायचा.

आता आमच्या भांडी घडवणाऱ्या कारागिराला विचारा. तो म्हणेल, यात नवल ते काय? पितळ ठोकलं की कडक होतं. तसंच ठोकत राहिलात तर चिरतं. म्हणून मधूनमधून भट्टीत घालून नरम करायचं आणि पुन्हा ठोकायचं. त्याला ताणाचं समीकरण येत नाही, अमोनियाही ठाऊक नाही. पण धातू थकतो हे त्याच्या हाताला कळतं. मी याला अडाणी ज्ञान म्हणणार नाही. हातातलं ज्ञान म्हणेन.

तुम्ही म्हणाल, आपल्या तलावांत कोण नावेमागे पातं ओढतो? बरोबर आहे. कोहळी मंडळींनी बांधलेले आपले मालगुजारी तलाव उथळ, वनस्पतींनी भरलेले. त्यांत तीन टोकांचा गळ ओढलात तर मासा नाही, शेवाळ येईल. इथं ढिवर समाजाचं जाळं चालतं. पण टिकण्याचा प्रश्न तिथंही तोच होता, आणि त्याचं मोल जास्त, कारण हा छंद नव्हे, पोट आहे. सुताचं, सणाचं जाळं ओलं राहिलं की कुजायचं. म्हणून जाळं वाळवायचं आणि झाडांच्या सालींच्या काढ्यात भिजवायचं, अशी रीत जगभरच्या मच्छीमारांत होती. खैराचा कात तर एकोणिसाव्या शतकात ब्रह्मदेश-हिंदुस्थानातून युरोपात जाऊन तिथल्या जाळ्यांना लागे. फाटलेला डोळा त्याच सुतानं विणता येई. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन आलं. ते कुजत नाही, हे मोठंच सुख. ज्यानं आयुष्याच्या कित्येक दुपारी जाळं वाळवण्यात घालवल्या, त्याला विचारा. पण एकपदरी तंगूसाचं स्वस्त जाळं फाटलं की सांधायला वेळ जास्त आणि फायदा कमी, म्हणून ते टाकून दिलं जातं. आणि कुजत नसल्यामुळे ते तळाशी पडून मासे धरतच राहतं, धन्याशिवाय. मालाचं आयुष्य वाढलं आणि वापराचं घटलं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे आपण फार उशिरा ओळखलं. 1988 मध्ये पवनीजवळ गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं. आता तिथं वैनगंगेचं पाणी खोल आणि रुंद उभं आहे. उथळ तलावासाठी केलेलं जाळं त्या पाण्यात तसंच चालत नाही. जाळं टिकलं तरी त्याचं पाणी टिकलं पाहिजे ना!

पवनीचं नाव निघालं म्हणून एक सांगतो. तिथं 1969-70 च्या उत्खननात बौद्ध स्तूप मिळाला. त्या परंपरेतला 'मिलिंदप्रश्न' मी वर्गात अनेक वर्षं शिकवला. नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे चाक का? आस का? जू का? यातलं एकही रथ नाही. मी मोठ्या उत्साहानं शिकवायचो. पण रथात बसणाऱ्याचा प्रश्न निराळा असतो. आधी काय मोडेल, आणि ते बदलून देणारा माणूस गावात आहे का? हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना कधी विचारला नाही, याची आता चुटपुट लागते.

असो. हा गळ घेऊन मी एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. आता त्यांच्याकडे भांड्यांचं काम थोडंच येतं, पितळ विकत घेणारंच गिऱ्हाईक कमी. त्यांनी पातं बोटावर वाजवून पाहिलं.

"सर, हे दाबलेलं आहे, ठोकलेलं नाही. पण माल चांगला आहे."

मी म्हटलं, "कडी पोलादी करून द्या, म्हणजे झिजणार नाही."

ते हसले. "मग तार झिजंल ना, सर! कडी पितळेचीच राहू द्या. कडी दोन मिनिटांत होते, तार बदलायची म्हणजे सगळं उसवावं लागते."

मी खुर्चीत बसून राहिलो. झिजायचं तर कोणी झिजायचं, हे त्यांनी आधीच ठरवलेलं होतं. जुन्या रहाटाचा कणा आणि त्याखालची लाकडी बैठक आठवा. बैठकच झिजायची, कारण ती गावच्या सुताराला बदलता येई. विस्कॉन्सिनच्या गळातही कडी पितळेचीच होती, म्हणजे तिथल्या कारागिरानंही हाच विचार केला असणार. फक्त पुतण्याच्या शहरात ती दोन मिनिटांची कडी करून देणारा कोणी त्याला ठाऊक नव्हता, म्हणून गळ मेला असं तो म्हणाला.

त्यांनी तार हलक्या हातानं सरळ केली, नवी कडी वळवून घातली, फुंकर मारली. पातं फिरलं. पैसे घेईनात. विचारलं फक्त एवढंच, "तो मासा केवढा असते, सर?" मी दोन्ही हात पसरून दाखवले.

"अन् खातात का त्याले?"

मी म्हटलं, बहुतेक लोक सोडून देतात. यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात गळ पुतण्याबरोबर परत जातोय. दोन जादा कड्याही दिल्यात त्यांनी, या इथं पुडीत आहेत. जवळ येऊन पाहायचं असेल त्यांनी या. गळाची टोकं तेवढी सांभाळा.