चिखलणीत ट्रॅक्टर रुतला? चाकाला ओंडका बांधू नका

भात लावणीआधी खाचरात चिखलणी करताना रबरी टायर जागीच फिरतो, म्हणून मागच्या चाकांना लोखंडी केजव्हील लावतात. अर्धे केजव्हील टायरच्या बाहेरून बसते, पूर्ण केजव्हील टायर काढून.

तरीही ट्रॅक्टर कधीतरी रुततोच. एकच चाक फिरत असेल तर रेस सोडा, क्लच दाबा, मग डिफरेन्शियल लॉक लावून सरळ बाहेर निघा. लॉक असताना वळायचं नाही.

दोन्ही चाकं रुतली की बरेचजण चाकाला लाकडाचा ओंडका बांधतात. इथंच घात होतो. चाक अडकलं की इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचं तोंड वर उचलतो आणि ट्रॅक्टर मागे, चालकाच्या अंगावर उलटतो. क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. त्यापेक्षा रोटाव्हेटर बंद करा, चाकांमागचा चिखल फावड्यानं काढा आणि रिव्हर्समध्ये हळू निघा. दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढायचं तर त्याची साखळी मागच्या ॲक्सलच्या खाली, हुकालाच बांधा. आणि मडगार्डवर पोरांना बसवणं तर नकोच.

केजव्हीलसकट डांबरी रस्त्यावर जाऊ नका. रस्ता उखडतो, कारवाईही होऊ शकते. शेतातच काढा-घाला, थोडा वेळ जातो खरा.