गाठीतला जुना रंग

दिवाळीची आवराआवर निघाली, की विटलेल्या लुगड्यांचे करायचे काय, हा प्रश्न घरोघर उभा राहतो. पूर्वी त्याला तीन उत्तरे होती: गोधडी, बोहारीण आणि रंगारी. आमचे वाकड मुळेकाठचे शेतीचे गाव. आता शेतांच्या जागी उंच इमारती आल्या. गोधडी मागे पडली, बोहारीण क्वचितच दिसते आणि रंगारी तर आडनावापुरता उरला. पुण्याच्या भाऊसाहेब लक्ष्मण जावळ्यांना ‘रंगारी’ हे नाव मिळाले, ते कापड रंगवण्याच्या धंद्यावरूनच.

पण बांधून रंगवण्याची ही विद्या घरातही नांदत होती. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त राज्यश्रीच्या लग्नासाठी राजवाड्यातल्या जाणत्या बायका या कामात गुंतलेल्या दिसतात. पुढे १८५६ साली पर्किन नावाचा अठरा वर्षांचा इंग्रज पोर क्विनीन करायला गेला आणि कोळशाच्या डांबरातल्या द्रव्यातून त्याच्या हाती जांभळा रंग लागला. मंजिष्ठ आणि तुरटी हळूहळू मागे पडली. रंग पुडीत आला. त्या पुडीने रंगाऱ्याचे गिऱ्हाईक नेले खरे, पण घरच्या बाईला रंगाचे पातेले पुन्हा चुलीवर ठेवता आले.

फिक्यावर गडद चढतो, गडदावर फिका नाही. डाग झाकायचे ते याच नियमाने. कापडाची चिमूट धरून दोरा मात्र घट्ट आवळावा, कारण तिथे रंग शिरत नाही. आईचे पिवळे सुती लुगडे मी असेच तांबडे केले. दोरे सोडले, तेव्हा ठिपक्याठिपक्यांत तिचा पिवळा तसाच होता.