येशूची ऐतिहासिकता आणि ख्रिस्ती श्रद्धा

नाझरेथचा येशू इतिहासात खरोखर होऊन गेला का, आणि समजा झालाच नसेल तर ख्रिस्ती श्रद्धेचे काय बिघडते, या दोन प्रश्नांभोवतीचा विचार. पहिला प्रश्न इतिहासकारांचा; तो बहुतांशी निकालात निघाला आहे. दुसरा धर्मचिंतकांचा, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तो मुख्यतः जर्मन भाषेत चर्चिला गेला आणि अजून मिटलेला नाही. लोकप्रिय वादांत मात्र गलका पहिल्याचाच होतो आणि अवघड असलेला दुसरा बाजूला पडतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे : धर्मनिष्ठ, निधर्मी आणि यहुदी अशा सर्व प्रकारच्या अभ्यासकांपैकी जवळजवळ सगळे येशूचे अस्तित्व मान्य करतात. प्रेषित पौलाची पत्रे इ.स. ५० च्या दशकातील आहेत. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात, आपण यरुशलेमेत प्रभूचा भाऊ याकोब याला भेटलो, असे तो ओघात सांगून जातो. काहीही सिद्ध करण्याच्या आवेशाशिवाय आलेला असा उल्लेख इतिहासकाराला मोठ्या साक्षीपेक्षा अधिक मोलाचा वाटतो. यहुदी इतिहासकार जोसीफसच्या, ९३–९४ च्या सुमारास पूर्ण झालेल्या ग्रंथात येशूचे दोन उल्लेख आहेत. पैकी एकात ख्रिस्ती लेखनिकांनी नंतर भर घातली, हे आता सर्वमान्य आहे. याकोबाच्या वधाविषयीचा दुसरा उल्लेख बहुतेक जण अस्सल धरतात. रोमन इतिहासकार टॅसिटस ११६ च्या सुमारास, तिबिर्य सम्राटाच्या काळी पिलाताने ख्रिस्ताला देहदंड दिला, असे तुच्छतेच्या सुरात नोंदवतो. शिवाय क्रूसावरचे मरण ही गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा होती. आपला मसीहा असा मेला, अशी कथा कोणी हौसेने रचील हे पटत नाही.

एवढ्याने ख्रिस्ती माणसाचे काम भागत नाही. कुराणही येशूला मानते, मात्र त्याचा क्रूसावरचा मृत्यू नाकारते. बाबाराव सावरकरांच्या, १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपरिचय’ या मराठी पुस्तकात येशू तमिळ हिंदू होता असे प्रतिपादन आहे; त्या कल्पनेला अभ्यासकांनी कधी गंभीरपणे घेतले नाही, पण अस्तित्व तिलाही मान्यच होते. ख्रिस्ती श्रद्धेला नुसता ‘कोणी एक येशू’ पुरत नाही. त्याच्या जगण्यात, मरणात आणि पुनरुत्थानात देवाने काही केले, असा तिचा दावा आहे, आणि हा दावा घटनांविषयीचा आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल कोणतीही पळवाट ठेवत नाही : ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फोल आहे, असा त्याचा रोख आहे. चौथ्या शतकात आकाराला आलेल्या नायसीन विश्वासांगीकारात येशू आणि मारिया यांच्याखेरीज एकाच माणसाचे नाव येते, आणि ते संताचे किंवा प्रेषिताचे नाही. पंतय पिलात या दुय्यम दर्जाच्या रोमन अंमलदाराचे आहे. दर रविवारी प्रार्थनेत त्याचे नाव घेणे म्हणजे आपली श्रद्धा एका प्रांतात, एका कारकिर्दीत बांधून ठेवणे. (पिलाताच्या नावाचा शिलालेख १९६१ मध्ये कैसरियात सापडला, त्याने पिलात खरा ठरला, एवढेच.) ख्रिस्ताचे शरीर हा केवळ आभास होता, असे मानणारा पंथ दुसऱ्या शतकाच्या आरंभी डोके वर काढत होता. अंत्युखियाच्या इग्नेशियसने त्याला कडाडून विरोध केला तो याच आग्रहापोटी.

मराठी वाचकाला यातली अडचण वारकरी संप्रदायाच्या उदाहरणाने लवकर उमगेल. विठ्ठल कोणत्या साली जन्मला, असे कोणी वारकरी विचारत नाही. तो प्रश्नच तिथे निरर्थक आहे. ज्ञानेश्वरांची गोष्ट वेगळी. कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत समाधिसोहळा होतो, कारण तिथे कोणी एक माणूस खरोखर होऊन गेला. ख्रिस्ती माणसाच्या लेखी येशू हा विठ्ठलही आहे आणि ज्ञानेश्वरही, एकाच वेळी. म्हणून तिथी-वाराचा प्रश्न थेट देवापर्यंत पोचतो.

आधुनिक वादाला तोंड फुटले ते हॅम्बुर्गचे शिक्षक हेर्मान झाम्युएल रायमारुस (१६९४–१७६८) यांच्या हस्तलिखितामुळे. हयातीत त्यांनी ते छापले नाही. मृत्यूनंतर जर्मन लेखक लेसिंगने १७७४ ते १७७८ दरम्यान त्यातील भाग प्रसिद्ध केले. येशूचा हेतू एक आणि शिष्यांनी उभारलेला धर्म दुसराच, असा त्यांचा आशय. लेसिंगने स्वतः १७७७ मध्ये मांडलेला मुद्दा मात्र जास्त टिकाऊ ठरला. इतिहासातील घटना फार तर संभाव्य ठरते; तिच्यावर सार्वकालिक सत्याची इमारत कशी उभी राहणार? मध्ये खंदक आहे, आणि तो आपल्याला ओलांडता येत नाही, असे तो प्रांजळपणे म्हणतो. डेन्मार्कच्या किर्केगॉरने १८४४ मध्ये याला उलटे उत्तर दिले. देव दासाच्या रूपात आपल्यांत वावरला, एवढा निरोप समकालीनांनी मागे ठेवला असता तरी पुरे होते. बाकीचा तपशील कितीही जमवला तरी श्रद्धेची उडी ज्याची त्यालाच मारावी लागते. तपशिलाची निकड त्याने शून्यावर आणली खरी, पण तो एवढासा निरोप त्यालाही सोडता आला नाही.

दाव्हिड फ्रीडरिश श्ट्राउसचे ‘येशूचे चरित्र’ १८३५–३६ मध्ये निघाले. शुभवर्तमानांतील चमत्कारकथा फसवणुकीतून आल्या नाहीत, समाजाच्या मिथ्यनिर्मितीतून आल्या, हे त्याचे म्हणणे. त्यापायी त्याची ट्युबिंगेनची जागा गेली. १८३९ मध्ये झुरिकने त्याला प्राध्यापकपद देऊ केले, तेव्हा एवढा क्षोभ उसळला की त्याला रुजू होण्याआधीच निवृत्तिवेतन द्यावे लागले. त्याच वर्षी तिथले सरकारही कोसळले. ब्रूनो बाउअर पुढे येशूचे अस्तित्वच नाकारण्यापर्यंत गेला.

इतिहासकारांच्या हाती श्रद्धेची किल्ली देण्यास पहिला ठाम नकार मार्टिन केलरने १८९२ मध्ये दिला. मंडळीने (चर्चने) ज्याची घोषणा केली तो ख्रिस्तच खरा. संशोधक ज्याला उकरून काढतात तो त्यांच्याच कल्पनेचा, असे त्याचे मत. १९०६ मध्ये आल्बर्ट श्वाइट्झरने तोवरच्या येशूचरित्रांचा आढावा घेऊन दाखवले, की प्रत्येक पिढीने येशूत आपलाच चेहरा पाहिला. मग १९०९ मध्ये आर्टूर ड्रेव्ह्सचे ‘ख्रिस्त-मिथ्य’ आले आणि पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये ‘येशू होऊन गेला का?’ या विषयावर जाहीर वादसभा झाली.

या गदारोळात सर्वांत समंजस बोलले ते एर्न्स्ट ट्रोल्च. स्वित्झर्लंडमधील आराऊ येथे १९११ मध्ये दिलेल्या त्यांच्या व्याख्यानाचा विषयच ‘श्रद्धेसाठी येशूच्या ऐतिहासिकतेचे महत्त्व’ हा होता. तारणासाठी इतिहास हवाच, असे त्यांनी म्हटले नाही. त्यांनी समाजाकडे बोट दाखवले. नुसत्या विचारावर कोणताही धर्मसमाज टिकत नाही. एकत्र येऊन उपासना करायला समोर एक मूर्त केंद्र लागते, आणि ख्रिस्ती समाजाला ते येशूत मिळाले. हे केंद्र निव्वळ काल्पनिक ठरले तर सुशिक्षितांच्या मनातून ते हळूहळू ओसरेल. तेव्हा तपशिलात नाही, तरी ढोबळ मानाने श्रद्धा संशोधनावर अवलंबून आहे, हे त्यांनी मान्य केले. ही भूमिका कोणालाच आवडली नाही. परंपरावाद्यांना ती तोकडी वाटली, शुद्ध श्रद्धावाद्यांना लाचार. प्रस्तुत लेखकाला मात्र सगळ्या उत्तरांत हेच जमिनीवरचे वाटते, कारण आदर्श श्रद्धावंताऐवजी खरोखर प्रार्थनेला जमणारी माणसे त्यात दिसतात.

विसाव्या शतकात रूडोल्फ बुल्टमानने इतिहासाची गरज एका बिंदूवर आणली. येशू झाला आणि क्रूसावर गेला, एवढे पुरे; तो कसा होता हे घोषणेला लागत नाही. येशूच्या अस्तित्वाविषयीची शंका मात्र बुल्टमानला निराधार वाटे. १९५३ मध्ये त्याचाच शिष्य एर्न्स्ट केझमान याने गुरूला अडवले : पृथ्वीवरचा येशू सोडला तर उरलेला ख्रिस्त हे मिथ्यच, आणि तोच जुना आभासवाद मागच्या दाराने आत येतो. पॉल टिलिखने १९५७ मध्ये आणखी टोकाचे सांगितले. ज्याच्यामुळे माणसे नवी झाली असे एक जीवन होऊन गेले, याची हमी श्रद्धा देऊ शकते. त्याचे नाव येशूच होते, याची देऊ शकत नाही.

कॅथलिक चर्चने हा खेळ मान्य केला नाही. पोप दहाव्या पायसने १९०७ मध्ये श्रद्धेचा ख्रिस्त आणि इतिहासातील ख्रिस्त वेगळे करणाऱ्यांचा निषेध केला. पुढच्या वर्षी फ्रेंच बायबल-अभ्यासक आल्फ्रे ल्वाझीला बहिष्कृत केले गेले. गंमत अशी, की येशू झालाच नाही म्हणणाऱ्यांविरुद्ध उतारवयात लेखणी उचलणाऱ्यांत हाच ल्वाझी होता. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये शुभवर्तमानांची ऐतिहासिकता पुन्हा ठामपणे सांगितली.

भारतात हा प्रश्न बहुधा बाहेरून विचारला गेला. व्यक्तीच्या ऐतिहासिकतेवर उभे असलेले धर्म ती व्यक्ती डळमळताच कोसळतील, वेदान्ताला ते भय नाही, असे विवेकानंदांनी १८९७ मध्ये मद्रासमध्ये म्हटले. १९३१ च्या नाताळात, युरोपातून परतताना बोटीवर, गांधीजींनी सांगितले की येशू झालाच नाही असे सिद्ध झाले तरी डोंगरावरील प्रवचन आपल्याला खरेच वाटेल. गांधीजींना उपदेश हवा होता, म्हणून त्यांना ते परवडले. रेव्हरंड ना. वा. टिळकांना त्याच प्रवचनाने ओढून घेतले, पण ते तिथे थांबले नाहीत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन ते भक्तीकडे गेले, आणि भक्तीला चरित्र लागते. ‘ख्रिस्तायन’ त्यांनी हाती घेतले आणि त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

अलीकडचे सर्वांत बोलके प्रकरण आयर्लंडमधील आहे. लिमरिकच्या डॉमिनिकन बायबल संस्थेचे संचालक राहिलेले धर्मगुरू थॉमस ब्रॉडी यांनी २०१२ मध्ये आत्मकथनपर पुस्तक लिहून जाहीर केले, की येशू ही व्यक्ती झालीच नाही, शुभवर्तमाने जुन्या करारातील कथांच्या पुनर्लेखनातून घडली. त्यांची सामग्री आणि पद्धत बहुतेक अभ्यासकांना पटली नाही. पण आपली श्रद्धा गेली, असे त्यांनी कुठेही म्हटले नाही. देवाचे रूप दाखवणारे प्रतीक म्हणून ख्रिस्त त्यांना पुरेसा होता. डॉमिनिकन संघाने त्यांच्या अध्यापनावर बंदी घातली.