मालकाच्या नावाचा कागद

बेंगळुरूच्या कोरमंगला भागात, आठव्या ब्लॉकमधल्या ऐंशी फूट रस्त्यावर विभागीय पासपोर्ट कार्यालय आहे. सगळ्या कर्नाटकाचे पासपोर्ट इथल्याच अखत्यारीत येतात. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी माणसाने बोटांचे ठसे हुबळीला जाऊन दिले, तरी पासपोर्टवर ठिकाण म्हणून ‘बेंगळुरू’ छापून येते. सॉफ्टवेअर इंजिनिअरचा पासपोर्ट इथूनच निघतो आणि सेंटरिंगवाल्या कारागिराचाही. दोघांच्या पुस्तिकेचा रंग एकच, राजमुद्राही तीच. पण कारागीर दहावी झालेला नसेल, तर त्याच्या पुस्तिकेत एक जादा शिक्का पडतो: ‘ईसीआर’. म्हणजे आखाती देश, मलेशिया, लिबिया, सुदान अशा 18 ठरावीक देशांत नोकरीला जायचे, तर आधी सरकारी तपासणी.

कोरमंगल्यात या फरकाकडे लक्ष जाते, कारण परदेशी नोकरी ही इथे रोजच्या बोलण्यातली गोष्ट आहे. 2007 मध्ये फ्लिपकार्ट याच भागातल्या एका फ्लॅटमध्ये सुरू झाली. इथल्या इंजिनिअरला अमेरिकेचा एच-1बी व्हिसा हवा असतो, आणि त्या व्हिसासाठी अर्ज करते ती कंपनी. म्हणजे तोही मालकाच्याच नावावर देश सोडतो. पण त्याच्या पगाराचा, राहण्याचा, परतीच्या तिकिटाचा करार कोणी भारतीय अधिकारी वाचून पाहत नाही. गवंड्याचा करार मात्र पाहिला जातो. कोणाचा करार सरकारने वाचायचा, हा प्रश्न कोरमंगल्यापेक्षा पुष्कळ जुना आहे.

त्याची सुरुवात उसाच्या मळ्यांपासून झाली. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद झाली तेव्हा मॉरिशसच्या मळेवाल्यांना मजूर कमी पडू लागले. 1834 पासून ते हिंदुस्थानातून करारावर आणले जाऊ लागले. मजुरांच्या फसवणुकीचा बोभाटा झाल्यावर 1837 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने कायदा केला: मजुराने आणि एजंटाने अधिकाऱ्यासमोर प्रत्यक्ष हजर व्हायचे, कराराच्या अटी लेखी दाखवायच्या, मुदत पाच वर्षांची. कलकत्त्यापुरता केलेला हा नियम मुंबई आणि मद्रास बंदरांनाही लागू झाला. तरीही फसवणूक थांबली नाही. 1839 मध्ये मजुरांची रवानगीच बंद करण्यात आली, आणि 1842 मध्ये ती मॉरिशसपुरती पुन्हा उघडली. या वेळी मजुरांवर लक्ष ठेवायला एक खास अधिकारी नेमला गेला, ‘प्रोटेक्टर’. हे पद आजही जिवंत आहे. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात पासपोर्ट कार्यालयाबरोबर ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’चेही कार्यालय आहे.

मुंबई बंदरातून गेलेल्या गिरमिटियांत, म्हणजे अशा करारबद्ध मजुरांत, मराठी माणसे होती. मॉरिशसमधला आजचा मराठी समाज त्यांच्याच वंशजांचा. पण ते गेले शेतमजूर म्हणून. बांधकामासाठी, मालकाच्या करारावर, कायद्याने नोंद होऊन मजुरांचा मोठा जथा देशाबाहेर गेला तो साठ वर्षांनी, आणि गेला आफ्रिकेत.

मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे टाकायचे ब्रिटिश सरकारने ठरवले. तिला युगांडा रेल्वे म्हणत, पण ती सगळी आजच्या केनियाच्या हद्दीत होती. बांधकामाचा सराव असलेले मजूर हिंदुस्थानात होते. अडचण कायद्याची होती, कारण 1883 च्या निर्गमन कायद्यात परवानगी होती ती ठरावीक मुलुखांपुरती, आणि पूर्व आफ्रिका त्यांत नव्हती. म्हणून 1896 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. भरतीचे काम कराचीचे व्यापारी ए. एम. जीवनजी यांच्याकडे गेले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. करार तीन वर्षांचा आणि परतीचे भाडे मालकाकडे. इथे मालक म्हणजे खुद्द रेल्वे.

मजुरांत पंजाबी सर्वांत जास्त. त्यांच्याबरोबर गवंडी, सुतार, लोहार आणि कारकूनही होते. पूर्व आफ्रिकेतल्या सरकारी कचेऱ्यांत गोव्याच्या माणसांची जी वहिवाट पुढे कित्येक दशके टिकली, तिचे मूळही याच काळात सापडते. 1897 मध्ये प्लेगमुळे कराचीहून होणारी रवानगी अडली. 1898 मध्ये त्सावो नदीवरच्या पुलाचे काम चालू असताना दोन सिंहांनी छावणीतली माणसे उचलायला सुरुवात केली. पुलावरचा इंजिनिअर पॅटर्सन याने लिहून ठेवले आहे की, मजुरांनी त्याला आपल्या कराराची आठवण करून दिली: आम्ही सरकारचे काम करायला आलो आहोत, सिंहांचा घास व्हायला नाही. मग शेकडोजण पुढ्यात आलेल्या मालगाडीवर चढून निघून गेले आणि काम काही आठवडे ठप्प झाले.

डिसेंबर 1901 मध्ये रूळ सरोवराला पोहोचले. लांबी 582 मैल. सुमारे 32,000 मजूर आणले गेले होते. त्यांतले 2,493 मेले, म्हणजे मैलामागे चार. सहा हजारांहून अधिक अपंग किंवा आजारी होऊन परतले. साधारण 6,700 जण तिथेच राहिले. केनियातल्या भारतीय वस्तीचा उगम मात्र एवढ्या माणसांतच शोधता येत नाही. मुदत भरून घरी गेलेले जास्त होते, आणि दुकाने थाटली ती बहुतेक स्वखर्चाने आलेल्या गुजराती व्यापाऱ्यांनी.

गिरमिट पद्धतीवर कायदेमंडळात पहिला मोठा घाव घातला तो एका कोकणी माणसाने. गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी फेब्रुवारी 1910 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळला मजूर पाठवणे बंद करण्याचा ठराव मांडला. तो मंजूर झाला आणि 1 जुलै 1911 पासून ती वाट बंद झाली. मार्च 1912 मध्ये त्यांनी सगळीच गिरमिट पद्धत रद्द करण्याचा ठराव आणला. 22 विरुद्ध 33 मतांनी तो पडला. गोखले 1915 मध्ये गेले. 1916 मध्ये मदनमोहन मालवीयांनी तीच मागणी पुन्हा मांडली तेव्हा सरकारने ती तत्त्वतः मान्य केली, आणि 1917 मध्ये, महायुद्ध चालू असताना, भरती थांबली.

त्यानंतर 1922 चा कायदा आला. त्यात कामगारांचे दोन गट पाडले गेले: कुशल आणि अकुशल. अकुशल मजूर पाठवायचा, तर त्या देशासाठी कायदेमंडळाची संमती हवी. कुशल कारागीर न्यायचा, तर नेणाऱ्याने आधी सरकारकडे अर्ज करून अटी कळवायच्या आणि जामीन ठेवायचा. स्वतःच्या पैशाने, कसलाही करार न करता जाणारा व्यापारी या चौकटीबाहेर राहिला. ही वाटणी मळेवाल्यांच्या काळाला धरून होती. तिची खरी परीक्षा पन्नास वर्षांनी झाली.

1973 मध्ये तेलाच्या किमती भडकल्या आणि आखातात रस्ते, बंदरे, वसाहती, विमानतळ एकदम उभे राहू लागले. मुंबईच्या शापूरजी पालनजी कंपनीने त्याआधीच मस्कतमध्ये सुलतानाच्या राजवाड्याचे काम घेतले होते. आता गवंडी, सुतार, फिटर, वेल्डर, क्रेनचालक यांची मागणी हजारांनी येऊ लागली, आणि भरतीचे सर्वांत मोठे केंद्र झाली मुंबई. रत्नागिरी-रायगडातल्या गावांत गल्फच्या पैशाने घरे बांधली गेली. मुंबईत एजंटांच्या कचेऱ्या, मेडिकलची केंद्रे आणि ट्रेड टेस्टचे वर्कशॉप असा नवा धंदाच उभा राहिला. खासगी एजंटांचा एवढा पसारा 1922 च्या कायद्याच्या कल्पनेत नव्हता.

पासपोर्टची बाजूही बदलली होती. परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात दिला आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. म्हणजे पासपोर्ट हक्काचा झाला. पण तो हातात असूनही मजुराला विमानात बसण्याआधी आणखी एक परवानगी लागे. हे सगळे 1983 च्या निर्गमन कायद्याने नव्याने बांधले. भरती एजंटाची नोंदणी सक्तीची झाली आणि पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का आला.

कायदेशीर मार्ग कागदावर असा दिसतो. परदेशी मालक मागणीपत्र देतो: इतके गवंडी, इतके बार बेंडर, इतका पगार, अमुक तास काम, राहणे-खाणे कोणाचे. नोंदणीकृत एजंट त्या पत्रावर भरती करतो. मजुराच्या करारावर पगार आणि परतीचे तिकीट लिहिलेले असते. प्रवासी भारतीय बीमा योजनेत 275 रुपयांत दोन वर्षांसाठी 10 लाखांचे विमा संरक्षण मिळते. मग प्रोटेक्टरची मंजुरी. गेल्या दशकात हे सगळे ई-मायग्रेट या ऑनलाइन यंत्रणेत गेले आणि मालकालाही तिथे नाव नोंदवावे लागू लागले.

ही सगळी राखण विमानतळापर्यंत पुरते. तिकडे पोहोचल्यावर कफाला पद्धत सुरू होते. व्हिसा कफीलच्या, म्हणजे प्रायोजक मालकाच्या, नावाशी बांधलेला. त्याच्या संमतीवाचून नोकरी बदलता येत नसे, काही देशांत देशही सोडता येत नसे. कतारने बहुतेक कामगारांसाठी देश सोडण्याच्या परवान्याची अट 2018 मध्ये आणि नोकरी बदलण्यासाठी संमतिपत्राची अट 2020 मध्ये काढली. तिथल्या फुटबॉल विश्वचषकाची मैदाने बांधणाऱ्यांत भारतीय आणि नेपाळ्यांबरोबर केनिया, युगांडा, घाना इथले तरुणही होते. युगांडाने आपल्या लोकांची परदेशी भरती करणाऱ्या एजन्सींसाठी 2005 मध्ये परवान्याचे नियम केले. ज्या प्रदेशात 1896 मध्ये करारबद्ध हिंदी गवंडी उतरले, तिथला तरुण आज त्याच धर्तीच्या करारावर दोहाला जातो.

तपासणी टाळण्याची वाटही तेवढीच जुनी आहे. पर्यटक व्हिसावर दुबई गाठायची आणि तिथे काम धरायचे. मग करार नाही, विमा नाही, तक्रार करायला कागद नाही. दुसरीकडे, शिक्का म्हणजे अपमान असेही अनेकांना वाटते. जानेवारी 2018 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने ईसीआरधारकांना नारिंगी रंगाचा वेगळा पासपोर्ट देण्याचे ठरवले. कमी शिकलेल्याला दुय्यम नागरिक ठरवले जातेय, अशी ओरड झाली आणि महिना संपण्याआधीच निर्णय मागे घेतला गेला. दरम्यान तपासणी होऊन जाणारेच कमी झाले होते. ईसीआर मंजुऱ्या 2014 मध्ये 8 लाखांच्या आसपास होत्या. तेलाचे भाव कोसळल्यावर 2017 मध्ये त्या 3.91 लाखांवर आल्या.

अलीकडे एजंटाला बाजूला ठेवून दोन सरकारांनी थेट भरती करण्याचा प्रयोग सुरू झाला आहे. नोव्हेंबर 2023 च्या करारानंतर इस्रायलसाठी सेंटरिंग, लोखंड बांधणी, फरशी आणि प्लास्टर या कामांची चाचणी रोहतक आणि लखनौमध्ये झाली. पुढे महाराष्ट्रातही भरती निघाली. पगार महिना सुमारे 1.37 लाख रुपये सांगितला गेला. इथे कामगार संघटनांनी नेमक्या जागी बोट ठेवले: इस्रायल त्या 18 देशांच्या यादीत नाही, त्यामुळे युद्धाच्या छायेत जाणाऱ्या या गवंड्यांना ई-मायग्रेटची नोंद आणि प्रोटेक्टरची तपासणी लागूच होत नाही.

1983 च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्यासाठी 2021 मध्ये मसुदा लोकांपुढे ठेवला गेला. शिक्षणावरून माणसे वेगळी काढायची की नाहीत, गावोगाव फिरणाऱ्या बिननोंदणीच्या दलालाला कसे धरायचे, यांवर तेव्हा बरीच चर्चा झाली. चालू नियमांनुसार नोंदणीकृत एजंट मजुराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो. 1983 च्या मूळ कायद्यात बेकायदा भरतीची शिक्षा आहे दोन वर्षांपर्यंत कैद आणि 2,000 रुपयांपर्यंत दंड.